शुगर आहे आणि आरोग्यविमा बदलतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सुटते, ऑफिसचा विमा दुसऱ्या कंपनीकडे जातो, हप्ता झेपेनासा होतो, मुलगी परदेशातून परत येते. कारण काहीही असो, घरात मधुमेही माणूस असला की विमा बदलताना तेच ते प्रश्न येत राहतात. लोक ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत ते इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: नवी पॉलिसी पक्की होईपर्यंत जुनी सोडायची नाही, आणि आजार लपवायचा नाही. खालच्या निम्म्या उत्तरांत हेच वेगवेगळ्या वेशात भेटेल.

१. मला शुगर आहे. नवीन विमा मिळेल, की कंपन्या दारातूनच परत पाठवतात?

मिळतो. टाइप-२ (सहसा मोठेपणी होणारा, नेहमी आढळणारा मधुमेह) असेल आणि आटोक्यात असेल तर बऱ्याच कंपन्या घेतात. फरक पडतो तो हप्त्यात आणि अटींत. उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी, किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवी आणि ईसीजी अशा तपासण्या सांगितल्या जातात. एचबीएवनसी म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज. त्यामुळे तपासणीच्या आधी चार दिवस जिलबी बंद करून तो आकडा हलत नाही.

रिपोर्ट पाहून कंपनी नेहमीच्या हप्त्यात घेते, जादा हप्ता म्हणजे लोडिंग लावते किंवा नाही म्हणते. इन्सुलिन सुरू असेल, किडनी किंवा डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर नकाराची शक्यता वाढते. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार सर्व वयाच्या आणि आधीपासून आजार असलेल्या लोकांसाठीही कंपन्यांनी पॉलिसी ठेवायच्या आहेत. पण प्रत्येक अर्ज मंजूर करायचाच, असा त्याचा अर्थ होत नाही. एकीने नाकारलं तर दुसरीकडे अर्ज करा, आणि तिथे फॉर्ममध्ये 'आधी नकार मिळाला होता का?' असं विचारलं असेल तर खरं लिहा.

मधुमेहींसाठी खास पॉलिसीही मिळतात. त्यांत वेटिंग, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळायला थांबावं लागतं तो काळ, कमी असतं किंवा नसतंच. हप्ता मात्र चढा असतो, आणि बिलातला ठरावीक टक्का आपण भरायचा, म्हणजे को-पे, अशी अट बऱ्याचदा असते. ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

२. वेटिंग पिरियड म्हणजे तीन वर्षं मला काहीच मिळणार नाही का?

तसं नाही. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान किंवा उपचार झाले, तो 'आधीपासूनचा आजार'. त्यासाठी आणि त्याच्या थेट गुंतागुंतीसाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. १ एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. काही पॉलिसींत ती २४ किंवा १२ महिन्यांवरही आणलेली असते, बऱ्याचदा जादा पैसे घेऊन.

बाकीच्या आजारांना पहिले ३० दिवस सोडले की संरक्षण सुरू होतं. अपघाताला तर पहिल्या दिवसापासून. म्हणजे दोन महिन्यांनी अपेंडिक्स फुटलं तर 'तुम्हाला शुगर आहे' म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

मधल्या एका यादीकडे लोकांचं लक्ष जात नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक आजारांना वेगळं वेटिंग असतं, बहुधा २४ महिन्यांचं. एखादा आजार दोन्हीकडे बसत असेल तर दोहोंतला मोठा कालावधी लागू होतो. मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होतो, म्हणून हे ध्यानात ठेवा.

आणि शुगर पॉलिसी घेतल्यानंतर नव्याने निघाली तर? मग ती आधीपासूनची नाही. अनेक पॉलिसींत मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांना सुरुवातीचे ९० दिवस वगळलेले असतात, तेवढे गेले की झालं.

३. पॉलिसी पोर्ट केली तर वेटिंग पुन्हा शून्यापासून मोजतात का?

नाही. पोर्ट करणं म्हणजे चालू विमा दुसऱ्या कंपनीकडे नेणं, आणि त्याचा सगळा फायदा तोच आहे. ही सोय २०११ पासून आहे. जुन्या कंपनीत खंड न पडता दोन वर्षं झाली असतील आणि नव्या पॉलिसीचं वेटिंग तीन वर्षांचं असेल, तर एकच वर्ष उरतं. नव्या पॉलिसीचं दोनच वर्षांचं असेल तर काहीच उरत नाही.

गोम आहे विमा रकमेत. जुनी पॉलिसी ५ लाखांची, त्यावर क्लेम न केल्याबद्दलचा १ लाख बोनस साठलेला, आणि नवी घेतली १० लाखांची. झालेल्या वर्षांचं श्रेय मिळतं ते ६ लाखांपर्यंत. वरच्या ४ लाखांना वेटिंग नव्याने सुरू होतं. पोर्ट केल्यावर पहिल्याच वर्षी किडनीसाठी ८ लाखांचं बिल झालं, तर कंपनी वरच्या २ लाखांना हात लावणार नाही. म्हणून रक्कम वाढवायची असेल तर आजारी पडायची वाट न पाहता लवकर वाढवा.

आणखी एक: पोर्ट म्हणून अर्ज केला तरच हे श्रेय मिळतं. एजंटने सोपं पडतं म्हणून 'फ्रेश' पॉलिसी करून दिली तर मागची सगळी वर्षं वाया जातात. पॉलिसीच्या कागदावर आधीच्या विम्याची वर्षं छापून आली आहेत का, हे पहिल्या दिवशी पाहा.

४. पोर्टसाठी अर्ज कधी करायचा?

नूतनीकरणाच्या तारखेच्या आधी ६० ते ४५ दिवसांच्या दरम्यान. वर्षाच्या मध्येच वाटलं म्हणून पोर्ट करता येत नाही. अर्ज नव्या कंपनीकडे करायचा. ती जुनीकडून तुमची माहिती मागवते. जुनीने ती ७२ तासांत द्यायची आणि नवीने माहिती मिळाल्यापासून ५ दिवसांत निर्णय कळवायचा, असं २०२४ च्या परिपत्रकात आहे. मधुमेहींच्या बाबतीत मध्ये तपासण्या आणि जादा कागदांची मागणी येते, म्हणून साठाव्या दिवशीच सुरुवात केलेली बरी.

जवळ ठेवायचे कागद: जुन्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी, क्लेम झाले असतील तर डिस्चार्ज समरी, मागचे दोन-तीन एचबीएवनसी आणि आता सुरू असलेल्या औषधांची चिठ्ठी.

५. नवी कंपनी पोर्ट नाकारू शकते का?

शकते. पोर्ट मागण्याचा हक्क तुमचा, घ्यायचं की नाही हा निर्णय तिचा. ती लोडिंगही लावू शकते. जुनी कंपनी मात्र क्लेम झाले किंवा शुगर वाढली म्हणून नूतनीकरण नाकारू शकत नाही. फसवणूक किंवा माहिती लपवल्याचं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. म्हणून नवीचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत जुनीला 'नको' कळवू नका. तारीख जवळ आली आणि उत्तर नाही, तर सरळ जुनीचा हप्ता भरा. पोर्टचं पुढच्या वर्षी पाहता येईल.

जुनीचा हप्ता फार वाढला हेच कारण असेल तर आधी दोन गोष्टी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. आणि साठीच्या पुढच्यांचा हप्ता नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. एवढं पाहूनही जुनीच महाग पडत असेल तर खुशाल बदला.

६. नोकरी सोडतोय. ऑफिसच्या ग्रुप विम्यात शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर होती. आता काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात उशिरा विचारला जाणाराही. ग्रुप विमा बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. काही ठिकाणी महिनाअखेरपर्यंत चालतो. तारीख एचआरकडून ईमेलवर मागून घ्या. नवीन नोकरीतला विमा रुजू झाल्या दिवशी सुरू होतो की नाव चढायला वेळ लागतो, हेही लेखी विचारा. दोन नोकऱ्यांमधल्या मोकळ्या दिवसांत आपण उघड्यावर असतो.

ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. मात्र इथे कंपनी तुमची आरोग्य तपासणी करून निर्णय घेऊ शकते, आणि नव्या पॉलिसीच्या अटी ग्रुपसारख्या उदार नसतात. कंपनीच बदलायची असेल तर आधी तिच्याकडे वैयक्तिक पॉलिसीत या आणि पुढच्या नूतनीकरणाला पोर्ट करा (प्रश्न ४).

राजीनामा देण्याआधी, निदान नोटीस पिरियडच्या पहिल्या आठवड्यात, विमा कंपनीला पत्र गेलं पाहिजे. शेवटच्या दिवशी निरोप समारंभाचा समोसा खाताना ही आठवण होऊन उपयोग नाही.

ज्यांची नोकरी अजून शाबूत आहे त्यांनाही सांगतो. ऑफिसचा विमा असतानाच स्वतःची एक छोटी पॉलिसी काढून ठेवा. तिचं वेटिंग ऑफिसच्या सावलीत संपून जातं. पन्नाशीत शुगरसह नवीन पॉलिसी मागण्यापेक्षा चाळिशीत दोन हप्ते भरणं स्वस्त पडतं. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरलेल्यांनी तर हे याच वर्षी करावं.

७. नोकरी तीच, पण ऑफिसने विमा कंपनी आणि टीपीए बदलला. मला काही करायचं आहे का?

टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था. पॉलिसीचं काही नाही, ते ऑफिस पाहतं. तुम्ही तीन गोष्टी पाहा. तुमचं हॉस्पिटल नव्या कॅशलेस यादीत आहे का? आई-वडील अजून पॉलिसीत आहेत का? आणि आधीपासूनच्या आजाराचं कलम तसंच आहे का? खर्च कमी करायला कंपन्या पहिली कात्री आई-वडिलांवर चालवतात.

डोळ्यात इंजेक्शनं किंवा डायलिसिस असा मालिकेतला उपचार सुरू असेल तर जुन्या टीपीएची मंजुरीपत्रं जपून ठेवा आणि पुढच्या तारखेच्या आधीच नव्याकडून मंजुरी मागा. दोन्हींसाठी २४ तास ॲडमिट राहायची अट नसते, पण डोळ्याच्या इंजेक्शनावर पॉलिसीत वेगळी खर्चमर्यादा असू शकते. जुन्या पॉलिसीत होती तेवढीच नव्यात असेल असं धरून चालू नका.

८. पगार २१ हजारांवर गेला. ईएसआयचा दवाखाना आणि फुकट मिळणाऱ्या गोळ्या लगेच बंद होतील का?

लगेच नाही. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. त्याच्या वर्गणीचे दोन हंगाम असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. हंगामाच्या मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो हंगाम संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, आणि तिच्या बदल्यात पुढचा लाभकाळ मिळतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. जूनमध्ये पगार वाढलेल्या माणसाला वर्गणीचे दिवस पूर्ण भरत असतील तर उपचाराची सोय पुढच्या जूनअखेरपर्यंत टिकू शकते. दवाखान्यात आपल्या विमा क्रमांकावर तारीख पाहून घ्या.

ही मुदत फुकट घालवू नका. तेवढ्यात खासगी पॉलिसी सुरू करा, म्हणजे वेटिंगचे काही महिने ईएसआयच्या आधारानेच निघून जातात. फक्त ईएसआयमधली वर्षं पोर्टसारखी मोजली जात नाहीत, खासगी वेटिंग पहिल्यापासून धरतात.

९. एजंट म्हणतो, शुगर लिहू नका, कोण बघतंय?

पॉलिसी विकताना कोणी बघत नाही, हे खरं आहे. बघतात क्लेमच्या वेळी. ॲडमिट झाल्यावर निवासी डॉक्टर नातेवाइकांना विचारून केस पेपरवर इतिहास लिहितात: 'के/सी/ओ डीएम, दहा वर्षं'. म्हणजे माहीत असलेला मधुमेही. त्या एका ओळीवर विमा कंपनीचा तपास सुरू होतो. मग घराजवळच्या मेडिकलची बिलं, जुन्या लॅबचे रिपोर्ट, मागच्या ऑफिसचे क्लेम, सगळं बाहेर निघतं. क्लेम तर जातोच, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंटला त्याचं कमिशन तोवर मिळून गेलेलं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. खरं लिहूनही लोक याच ओळीपायी अडकतात, कारण घाबरलेला भाऊ किंवा जाऊबाई अंदाजाने 'दहा-बारा वर्षं झाली असतील' असं सांगून टाकतात, आणि प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचं असतं. निदानाची तारीख लिहिलेला पहिला रिपोर्ट फाईलच्या सर्वांत वर लावा आणि ती फाईल कुठे आहे ते घरच्यांना ठाऊक असू द्या.

'सध्या टेस्टच करू नका, रेकॉर्ड तयार होतं' हा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो. रेकॉर्ड नसलं म्हणून शुगर थांबत नाही. तिचं काम चालूच असतं.

१०. माझी शुगर 'बॉर्डरलाइन' आहे. तेही लिहायचं का? आणि गरोदरपणात आली होती, ती?

फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा. 'कधीही शुगर वाढलेली आढळली का?' किंवा 'कोणती गोळी सुरू आहे का?' असं विचारलं असेल तर हो लिहा आणि पुढच्या रकान्यात आकडा व तारीख द्या. एचबीएवनसी ६.५ च्या खाली असेल तर त्या आकड्यावरून मधुमेहाचं निदान होत नाही. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेलं असलं म्हणजे कंपनीने उद्या तुम्हाला मधुमेही ठरवलं तर उत्तर देता येतं. बॉर्डरलाइनवरच मेटफॉर्मिन सुरू केली असेल तर ती का सुरू केली, हेही चिठ्ठीत यायला हवं.

बाळंतपणातली शुगर नंतर नॉर्मल झाली असेल तर तसंच लिहा, सोबत बाळंतपणानंतरचा रिपोर्ट जोडा.

११. फॉर्म एजंटने ॲपवर भरला आणि सगळीकडे 'नाही' टाकलं. आता कळलं. काय करू?

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस झाले नसतील तर तिला परत करण्याची मुदत, म्हणजे फ्री लूक, अजून शिल्लक आहे. दुरुस्ती मागा किंवा पॉलिसी परत करून पैसे घ्या. आधी ही मुदत १५ दिवसांची होती. ३० दिवस उलटले असतील तर कंपनीला ईमेलने खरी माहिती कळवा आणि पोच ठेवा. कंपनी जादा हप्ता लावेल, वेटिंग घालेल, फार तर पॉलिसी काढून घेईल. आयसीयूच्या बाहेर उभं राहून हे कळण्यापेक्षा आज कळलेलं केव्हाही चांगलं. पोर्ट केलेली पॉलिसी असेल तर जुन्या कंपनीच्या फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं तेही मागवून पाहा, दोन्हींत तफावत नको.

१२. पाच वर्षं झाली की कंपनी काहीच विचारू शकत नाही, हे खरं का?

बरंचसं खरं. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नव्हती या कारणावर क्लेम उकरून काढता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. पोर्ट केलेली वर्षं त्यात धरतात. वाढवलेल्या विमा रकमेचे ६० महिने मात्र ती वाढवली तेव्हापासून. आणि ठरवून केलेली फसवणूक सिद्ध झाली तर हे कवच चालत नाही. 'पाच वर्षं लपवा, मग मोकळे' असा हिशेब करणाऱ्यांनी याच्या आधीचं वाक्य पुन्हा वाचावं.

१३. हप्ता भरायला दहा दिवस उशीर झाला. सगळं गेलं का?

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. तेवढ्यात भरलात तर वेटिंगची वर्षं शाबूत राहतात. पण वार्षिक हप्ता थकलेला असताना मधल्या दिवसांत ॲडमिट झालात, तर त्याचे पैसे मिळत नाहीत. सवलतीचे दिवसही संपले तर मागची वर्षं गेलीच असं समजा आणि तरीही कंपनीला कारण लिहून विनंती करून पाहा. हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करून ठेवली आणि खात्यात पैसे नव्हते, हेही कारण वरचेवर दिसतं.

१४. विमा गोळ्या, इन्सुलिन आणि स्ट्रिप्सचे पैसे देतो का?

साधारणपणे नाही. आपला आरोग्यविमा मुळात हॉस्पिटलात ॲडमिट होण्यासाठीचा आहे. ॲडमिट होण्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतली औषधं मिळतात, दर महिन्याच्या गोळ्या नाहीत. ओपीडीचं जोडकलम घेता येतं, पण त्याचा हप्ता आणि वर्षाची मर्यादा शेजारी मांडली की कधीकधी आपलेच पैसे फिरून आपल्याकडे येतात. फक्त शुगर 'सेट' करायला दोन दिवस ॲडमिट झालात, तर 'हे ओपीडीत होण्यासारखं होतं' म्हणून क्लेम नाकारला जातो. डॉक्टरांनी ॲडमिट करण्याचं कारण स्पष्ट लिहिलेलं हवं.

म्हणून विमा बदलण्याच्या धांदलीत औषधांची सोय वेगळी करा. नोकरीतून बाहेर पडताना महिना-दीड महिन्याचा साठा घरात असू द्या. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त मिळतात, आणि पेटंट संपल्यामुळे २०२२ पासून सिटाग्लिप्टिनचे व २०२५ पासून एम्पाग्लिफ्लोझिनचे भाव उतरले आहेत. महागडी गोळी एक दिवसाआड घ्यायला लागणारे लोक दिसतात. त्यापेक्षा स्वस्त गोळी रोज घेतलेली बरी. पण बदल डॉक्टरांनीच करायचा. टाइप-१ (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असेल तर इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही, जीवावर बेततं.

१५. आता सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन मिळतं, पण बाटली वेगळी आहे. चालेल का?

न विचारता चालवू नका. विम्याच्या पानावर हा प्रश्न परका वाटेल, पण विमा बदलला की इन्सुलिन बदलतं आणि इथेच खरा धोका असतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बऱ्याचदा ४० युनिट प्रति मिली असतं. पेनमधलं सहसा १०० युनिटचं. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० ला नारिंगी टोपणाची. ४० ची सिरिंज १०० च्या बाटलीत घातली तर ठरल्याच्या अडीचपट इन्सुलिन टोचलं जातं. उलट केलं तर निम्म्याहूनही कमी. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दरवेळी जुळवा.

नाव वेगळं असेल तर वेळही बदलू शकते. काही इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, काही ताटावर बसता बसता.

१६. वेटिंग सुरू आहे आणि ॲडमिट व्हावं लागलं. क्लेम टाकायचा की नाही?

टाकायचा. डेंग्यू, अपघात, न्यूमोनिया यांसाठी मधुमेहाचं वेटिंग आड येत नाही. भांडण होतं ते हृदय, किडनी, पायाची जखम आणि डोळ्याचा पडदा यांवर. कंपनी म्हणते, ही शुगरची गुंतागुंत. पायाच्या न भरणाऱ्या जखमेला तसं म्हणणं समजू शकतं. पण बायपास झालेल्या प्रत्येक मधुमेहीचं हृदय शुगरनेच बिघडलं असं गृहीत धरता येत नाही. धूम्रपान, रक्तदाब, आनुवंशिकता अशी कारणं असतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाबद्दल लेखी मत घ्या आणि ते क्लेमसोबतच द्या. नकार आल्यावर धावाधाव करू नका.

कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं असतं. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही. बिल भरून नंतर मागता येतं.

१७. आई ७२ वर्षांची, बारा वर्षांपासून शुगर. तिला कोणीच पॉलिसी देत नाही.

आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्डावर नोंदणी होते आणि आधीपासूनच्या आजाराला वेटिंग नाही. घरात ७० वरचे दोघे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएससारख्या योजनेत असणाऱ्यांना मात्र दोहोंतलं एक निवडावं लागतं.

सत्तरीच्या आतल्यांसाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची व्याप्ती वाढवून सर्व शिधापत्रिकाधारकांना आणि ५ लाखांपर्यंत केली आहे. माहितीला १५५३८८ हा क्रमांक. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला ४ लाख.

या सगळ्या योजना ठरावीक उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांतच चालतात. जाण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, फोन करा. आणि कार्ड मिळालं म्हणून आईची जुनी खासगी पॉलिसी असेल तर ती बंद करू नका. या वयात ती पुन्हा मिळणार नाही.

१८. अमेरिकेत दहा वर्षं विमा होता. आता पुण्यात परत येतोय. ती वर्षं धरतात का?

नाही. पोर्टिंग भारतातल्या कंपन्यांमध्येच होतं. इथे वेटिंग पहिल्या दिवसापासून. येण्याचं ठरलं की तिकडूनच अर्ज सुरू करा, आणि तिकडचे रिपोर्ट, औषधांची यादी व डॉक्टरांचं पत्र बरोबर आणा.

उलट दिशेने, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या मधुमेही आई-बाबांनी प्रवासविम्यात शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉलची गोळी, सगळं लिहावं. २००९ साली लग्नासाठी निघालेल्या एका मधुमेही प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट बसले आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला. त्यांनी फॉर्ममध्ये मधुमेह लिहिला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. निकाल लागला डिसेंबर २०२१ मध्ये. लिहूनही बारा वर्षं गेली, न लिहिणाऱ्याचं काय झालं असतं ते आपणच ताडावं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. सामानाच्या डब्यात ते गोठू शकतं.

१९. मुलाला टाइप-१ आहे. फॅमिली फ्लोटरमध्ये घालू का?

वैयक्तिक पॉलिसीत टाइप-१ मुलाला बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. म्हणून आई किंवा वडिलांपैकी ज्याच्या ऑफिसचा ग्रुप विमा मुलाला पहिल्या दिवसापासून घेतो, ती नोकरी बदलताना दहा वेळा विचार करा आणि नव्या ठिकाणी पगाराच्या आधी हा प्रश्न विचारा. कोणती कंपनी घेत असेल तर मुलासाठी वेगळी पॉलिसी काढा. फ्लोटरमध्ये एकाच्या मोठ्या क्लेमने सगळ्यांची रक्कम संपते. हेच शुगर असलेल्या आजी-आजोबांनाही लागू.

२०. क्लेम किंवा पोर्ट चुकीच्या कारणाने अडवला. दाद कुठे मागायची?

आधी नकार लेखी घ्या. त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते असलंच पाहिजे, आणि क्लेम नाकारण्याआधी तो कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू समितीपुढे गेलेला असला पाहिजे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याचे वाद सोडवणारा अधिकारी. मुंबई आणि पुणे इथे कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात आधीच टाकलं असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून क्रम पाळा. अर्जाला प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत जोडा. ती जवळ नसेल तर कंपनीकडून मागा. प्रश्न ९ आणि ११ मधली बहुतेक भांडणं त्या एका कागदावर सुटतात किंवा बुडतात.